दुसऱ्याच्या रानातली येळवस

भूमच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा आई माझ्या पिशवीत शेंगदाण्याचे लाडू कोंबत होती आणि दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीचा गज धरून उभे होते. प्रकाशला जर्मनीत नोकरी लागली होती. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दादा एवढंच म्हणाले, "दिवाळीला न्हाय जमलं तर ऱ्हाऊ दे. येळवशीला तेवढं येत जा माय."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या धाराशिवकडं हा सण घरात नाही, रानात होतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, तिच्यात चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ओल्या शेंगा-भाज्यांची पातळसर भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि ताकातल्या आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. मग आंबील शिंपडत रानाला फेरी घालायची आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवायचं.

मला येळवशीला जाणं एकदाही जमलं नाही. कधी प्रकाशची रजा आडवी आली, कधी लेकीची, सईची शाळा. स्टुटगार्टजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी फ्रोझन वाटाणा आणि तुर्की दुकानातले हरभरे घालून भज्जी करायचे. टेबलाभोवती बसून आम्ही तिघं खायचो. सई विचारायची, "हा सूपचा सण आहे का?"

गेल्या साली उन्हाळ्यात आई गेली. मी एकुलती एक. दादांना हृदयाचा त्रास, घरात दुसरं कुणी नाही. हिवाळ्यात मी त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर इकडं आणलं. रान चुलतभाऊ भानुदासकडं सोपवलं. एकदा रुळले की कायमचं ठेवून घ्यायची काहीतरी वाट काढू, असं माझ्या मनात होतं.

येळवस आली तेव्हा मी ठरवलं, यंदा रानातच जेवायचं. गावाबाहेरच्या एका शेताच्या कडेला आम्ही चटई टाकली. मातीवर दहिवर गोठलं होतं. सईनं घरून पाच दगड पांढरे रंगवून आणले होते. ते झुडपाखाली मांडले, नैवेद्य दाखवला. मी आंबिलीचा तांब्या दादांच्या हातात दिला. प्रकाशचं जाड जॅकेट घातलेले दादा शेतात दोन पावलं गेले, वाकून मातीला हात लावला आणि भरला तांब्या घेऊन परत आले.

"हे रान कुणाचं हाय?"

"असंल इथल्या कुणा शेतकऱ्याचं," मी म्हणाले.

"मग त्यानं शिंपावं."

"आजोबा, तो काही म्हणणार नाही," सई म्हणाली.

"त्याच्या म्हनण्याचं न्हाय गं पोरी. त्यानं काय पेरलंय, त्ये सुदीक मला ठावं न्हाय."

तेवढ्यात भानुदासचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या रानात त्याची माणसं जेवायला बसली होती. "काका, भज्जी धाडू का तिकडं?" तो हसत म्हणाला. दादा म्हणाले, "फोन मागं फिरव." ज्वारी दिसली. दादा ती बघत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी उंड्याचा घास मोडला आणि तसाच ताटात ठेवला.

गाडीत बसल्यावर म्हणाले, "माय, मला जाऊ दे."

"तिकडं छातीत दुखलं तर कोण आहे तुम्हाला?"

"इथं तुमी हाय, त्ये खरंय. पर दिसभर मी काय करू, त्ये सांग."

प्रकाश गाडी चालवता चालवता म्हणाला, "त्यांना वाटतंय तर जाऊ दे." त्याचा मला फार राग आला. व्हिसा संपला आणि दादा गेले. तेव्हापासून मी रोज विचारते, गोळी घेतली का? ते म्हणतात, घेतली. भानुदासची बायको वेगळंच सांगते.

यंदाच्या येळवशीला फोन दादांच्याच हातात होता. "हे बघ, कणसं निसवाय लागली."

"दादा, तुमचं तोंड दाखवा."

"माज्या तोंडात काय बघायचं? रान बघ."

चित्र हलत होतं. मागून भानुदासच्या बायकोचा आवाज आला, "काका, आधी खाली बसा." मग नुसतं आभाळ दिसलं आणि फोन बंद झाला. मी पुन्हा पुन्हा लावला. कुणी उचलेना. ताटातली भज्जी गार झाली. सई माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. बऱ्याच वेळानं भानुदास बोलला, "जरा चक्कर आली होती. आता जेवलेत. येत्या बाजारच्या दिवशी डॉक्टरला दाखवतो."

गावाकडची माणसं म्हणतात, घर इथंच हाय, कवाबी या. माझ्यासारखे निघून आलेले म्हणतात, आता हेच आपलं घर. मी दोघांनाही हो म्हणते. पण दादांना इकडं ठेवून घेणं मला जमलं नाही आणि सईचं सगळं मोडून तिकडं जाणंही जमत नाही. माझ्यापुरतं घर आता एवढंच उरलंय: मी फोन लावावा आणि दादांनी तो उचलावा.