गोदे, गूळ घेऊन ये

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी जांभई देते. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जातच नाही.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही पुण्याहून लातूरला आलो. त्याला जुन्या बारवांचं भारी वेड. थंडीतल्या एका अमावस्येला औशापुढच्या एका वाडीत गेलो — शेतांमधून भटकायचं, देऊळ-बारव बघायची, नाश्ता तिथल्याच हॉटेलात. बघतो तर काय, अख्खी वाडी कुलूपबंद! त्या दिवशी येळवस असते, सगळा गाव शेतात पूजा करून तिथंच जेवतो, हे आम्हाला कुठलं माहीत?

बारव मात्र झकास होती. पण नवऱ्यानं सकाळीच इन्सुलिन घेतलेलं आणि पोटात काही नाही... फोटो काढता काढता तो पायरीवर बसला, घामानं डबडबला, असंबद्ध बोलायला लागला. शुगर उतरली होती. पर्समध्ये साधी लिमलेटची गोळी नाही, फोनला रेंज नाही. त्याला सोडून जावं तर तोल जाऊन पाण्यात पडेल. मी "कुणी आहे का?" म्हणून ओरडले आणि रडायलाच लागले.

तेवढ्यात एक म्हातारी धापा टाकत पायऱ्या उतरली आणि मुठीतला गूळ तिनं त्याच्या तोंडात कोंबला.

तिचं नाव गोदाबाई. नवरा सावरल्यावर ती आम्हाला शेतात जेवायला घेऊन गेली. चालायला चांगला अर्धा तास लागला! म्हणजे ती निघाली तेव्हा हा ठणठणीत होता... मिश्र भाज्यांची भज्जी, भाकरी, आंबील — साहेबांनी तीनदा वाढून घेतलं. मी विचारलं, इतक्या लांब, तेही मी ओरडायच्या आधीच, माझी हाक पोचली कशी?

"तुमची न्हाई बाई. 'गोदे, बारवेवर गूळ घेऊन ये' अशी हाक आली. मला गोदे म्हणणारं आता कोण राहिलंय? सासू गेली, जाऊ गेली. समदे आजीच म्हणतात."

शेजारी बसलेल्या तिच्या मुलांना काही ऐकू आलं नव्हतं. नवरा भाकरी चावत म्हणाला, योगायोग. मला नाही पटत. दुसरं काही सुचतही नाही.

पुढच्या येळवशीला आम्ही हक्कानं गेलो. गोदाबाईनं सांगितलं म्हणून मी बारवेवरून "गोदे" अशी हाक मारून आले. ती शेतात कान देऊन बसली होती. काहीच पोचलं नव्हतं. तिचं तोंड एवढंसं झालं.

"मग हितंच म्हण की एकदा," ती म्हणाली.

एवढ्या मोठ्या बाईला एकेरी हाक मारायची म्हणजे मला कसंतरीच झालं. पण म्हटलं, "गोदे..."

"हाव, आले," म्हणत ती पदराआड हसली आणि आम्हाला वाढायला उठली.