लिलावातली भुवई

आमच्या घरात भिंतीवर देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकंच जास्त होती. वडील ती छापून आणत आणि मी सायकलवरून वाटत असे. मोठ्या यांत्रिक बोटींविरुद्धची, अंगारेधुपारे देणाऱ्यांविरुद्धची, गोरं करणाऱ्या मलमांविरुद्धची. त्यामुळे २००८च्या जानेवारीत मावशीने कपाळावरच्या आठ्या घालवायला इंजेक्शनं घ्यायचं ठरवलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता: यात फायदा कोणाचा?

मावशी मासे विकायची. मालवणच्या किनाऱ्यावर लिलावात माल घ्यायचा आणि कट्टा गावच्या बाजारात नेऊन बसायचं, हा तिचा रोजचा धंदा. पाण्याच्या चकाकीत डोळे बारीक करून होड्यांची वाट बघता बघता तिच्या भुवयांच्या मध्ये दोन खोल रेघा पडल्या होत्या. हसतानाही ती रागावलेली दिसे. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मुंबईहून आलेल्या विहीणबाईंनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या आईला हे स्थळ पसंत नाही का? ते मावशीला लागलं.

कणकवलीत महिन्यातून एकदा मुंबईचा त्वचेचा डॉक्टर बसायचा. मी मावशीच्या सोबतीला गेले, खरं तर पाळत ठेवायला. औषध कशाचं, हे मी आत शिरल्या शिरल्या विचारलं. एका जंतूच्या विषापासून बनवतात, पण मात्रा अगदी थोडी, असं त्याने न अडखळता सांगितलं. सुई मुंगी चावल्यासारखी लागेल. ज्या स्नायूत औषध जाईल तो सैल पडेल, म्हणून वरची कातडी दुमडणार नाही. फरक लगेच दिसत नाही, तीन-चार दिवसांनी सुरू होतो, पंधरवड्यात पूर्ण दिसतो आणि तीन-चार महिन्यांत ओसरतो. थोडी सूज, काळानिळा डाग, डोकेदुखी होऊ शकते. क्वचित एखादी पापणी काही आठवडे खाली येते. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर मात्र थेट दवाखाना गाठायचा. घरी जाऊन चोळायचं नाही, काही तास आडवं पडायचं नाही.

मी बाटली बघायला मागितली, तारीख वाचली, ती आमच्यासमोर उघडायला लावली. त्याने सगळं केलं. इतका सरळ माणूस बघून माझा संशय उलट वाढला. त्याने मावशीचे आजार विचारले, चालू औषधं विचारली. मग म्हणाला, मधल्या आठ्यांबरोबर कपाळावरच्या आडव्या रेघाही घालवू, चेहरा एकसारखा दिसेल. हे जास्तीचं कशाला, असं मी म्हणायला गेले तर मावशीने हात वर केला.

"तू गप ऱ्हव गो. कपाळ माझा आसा."

माझी सगळी पत्रकं त्या एका वाक्यापुढे लंगडी पडली.

लग्नात मावशी खरंच छान दिसली. विहीणबाई तिच्याशी मोकळेपणाने बोलल्या. मी मात्र फोटोंकडे बघत होते. त्या चेहऱ्यावर पाठवणीच्या वेळचं रडूसुद्धा फक्त डोळ्यांत होतं.

लग्न झालं आणि मावशी पुन्हा किनाऱ्यावर उभी राहिली. आमच्याकडच्या लिलावात बायका ओरडून बोली लावत नाहीत. लिलाव पुकारणारा भाव चढवत जातो आणि जिला माशांची पाटी हवी ती त्याच्याकडे बघून भुवई उचलते, तीही जेमतेम. शेजारणीला कळता कामा नये, नाहीतर ती ईर्षेने चढवते. मावशीची भुवई तर नामांकित होती. पुकारणाऱ्याशिवाय ती कोणालाच दिसत नसे.

पहिल्याच दिवशी सुरमईची पाटी तिच्यासमोरून गेली. तिने भुवई उचलली होती, असं ती रात्री मला शपथेवर सांगत होती. दुसऱ्या दिवशी तेच. कपाळ दगडासारखं. मग तिने तोंडाने बोली लावली, तशा सगळ्या वळून बघायला लागल्या. कोणाला वाटलं, हिची गोव्याच्या व्यापाऱ्याशी आतून बोलणी झाली आहेत, ही मुद्दाम गप्प राहून भाव पाडते. कोणाला वाटलं, मुलीला मुंबईत दिल्यापासून हिला आमच्याशी डोळा मिळवायला नको. दाताच्या दुखण्यासाठी कणकवलीला गेले होते, असं तिने सगळ्यांना सांगितलेलं, त्यामुळे आता खरं बोलायचीही सोय नव्हती. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या बायका कट्ट्याला तिच्या पाटीसाठी जागा ठेवीनाशा झाल्या. मी डॉक्टरला पत्र लिहिणार होते, कडक भाषेत. मावशी म्हणाली, त्या पत्राने माझी जागा परत मिळणार आहे का?

शेवटी पुकारणाऱ्यानेच विचारलं, सगळ्यांच्या देखत. "तुझा तोंड आमका कळना नाय गो. घेवचा आसा की खेळवतंस?"

मावशी पदर सावरून पुढे झाली. "सुई घेतलंय कपाळाक," ती म्हणाली. "भुवई उचालना नाय. बघा."

 मग एकीने ओल्या हाताने तिचं कपाळ दाबून बघितलं, दुसरीने बोटाने भुवई वर ढकलून बघितली, आणि हसण्याची लाट अशी उठली की होडीवरचे गडीही वळून बघायला लागले. लग्नात मग तुका रडूक कसा इला, असं एकीने विचारलं. पुकारणाऱ्याने जाहीर केलं की भुवई कामावर येईपर्यंत हिने नथ चाचपायची. त्या दिवशी कट्ट्याला तिची जागा ठेवलेली होती.

मेच्या मध्यावर कपाळ हलायला लागलं. मला वाटलं, संपलं. मी या सुयांविरुद्धच्या पत्रकाचा मसुदाही लिहून ठेवला होता. मावशीने तो वाचला, घडी करून मला परत दिला, आणि पुढच्या खेपेला मला घेऊन पुन्हा कणकवलीला गेली. डॉक्टरच्या खुर्चीत बसून तिने आधी दोन्ही भुवया वर केल्या, मग एक, मग दुसरी, जेमतेम.

"मधल्यो आठ्यो काय त्यो घालवा," ती म्हणाली. "भुवयो ऱ्हवांदे. त्यो माझ्यो कामार आसत."

डॉक्टरने सुई खाली ठेवली आणि पहिल्यांदाच विचारलं, तुम्ही काम काय करता? मसुदा माझ्या पिशवीत होता. तो प्रश्न मी त्यात सगळ्यात वर लिहिला, आणि बाटलीवरची तारीख पुन्हा एकदा तपासली.