ताठ सुई आणि ती सिस्टर

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरच्या इस्पितळांत सलाईनच्या सुया विकायचो. एका वॉर्डात एक वयस्क मलय सिस्टर दोन प्रकारच्या सुया ताडून पाहत होती. जुनीची प्लॅस्टिकची नळी शिरेत गेल्यावर मऊ पडायची, आमची ताठच राहायची. टोचण्याआधी ती रुग्णाचा हात ऊब येईपर्यंत आपल्या तळव्यांत धरायची.

आमच्या सुईच्या प्रत्येक चाचणी-फॉर्मवर तिचा एकच शेरा असे: 'शीर सुजली. नको.'

"सिस्टर, जरा सांभाळून लिहा," मी म्हणालो.

"मग हात पुढे करा, मिस्टर. तुमचीच सुई तुम्हाला टोचते."

मी हात झटकन मागे घेतला.

ती हसली. "बघा, तुमच्या हातालाही नकोच आहे लाह!" वाक्याअखेरचा 'लाह' ही तिथली लकब.

त्याच दुपारी मी कंपनीतल्या वरिष्ठांना लेखी कळवलं, की सिस्टरचा हात थरथरतो, म्हणून शिरा सुजतात. ते पत्र इस्पितळात पोचलं आणि मेट्रननं, म्हणजे मुख्य परिचारिकेनं, तिला शेरे बदलायला सांगितलं.

"माझी बदली करा," ती म्हणाली, "शेरा तोच राहील."

तिची बदली झाली आणि वॉर्डात आमची सुई आली.

आता जुन्या सहकाऱ्यांना राग आला तर खुशाल येऊ दे. तिचा हात कधीच थरथरला नव्हता. मी खोटं लिहिलं होतं.