गंगाखेडच्या किराणावाल्याला परभणीत किराणा घ्यायला नेलं

लोक लडाखला जाऊन येतात आणि त्यावर लिहितात. मी गंगाखेडहून परभणीला जाऊन आले. रस्ता सव्वा तासाचा, एसटीचा. पण त्या एका दिवसात माझा जीव असा टांगणीला लागला होता की लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही. शिवाय परभणीच्या कॉलेजांच्या भागात एक झकास सेंद्रिय किराणा दुकान आहे, तिथं कसं जायचं, काय घ्यायचं, हेही सांगायचंय. दुकान माझ्या नणंदेचं आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

आमचं गंगाखेडच्या बाजारात जुनं किराणा दुकान. गल्ल्यावर अजूनही सासरेच बसतात. त्यांना अख्खा बाजार आप्पा म्हणतो. आप्पांच्या हाताला यश आहे, असं इथं सगळे मानतात. बाजारात कुणाचंही नवं दुकान उघडलं, मग ते चपलांचं असो की मोबाईलचं, पहिली खरेदी आप्पांनी करायची. त्या पहिल्या विक्रीला आम्ही भवानी म्हणतो. रोज सकाळीही पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानीचं गिऱ्हाईक. ते रिकाम्या हातानं परत जाऊ द्यायचं नाही आणि भवानी उधारीवर करायची नाही, हे आमच्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी शिकवतात.

गिरिजा, माझी नणंद, परभणीत दिलेली. तिचा नवरा तिथल्या एका कॉलेजात शिकवतो. गेल्या वर्षी तिनं दुकान काढायचं ठरवलं आणि आनंदानं सांगायला माहेरी आली. आप्पांनी सगळ्या पाहुण्यांसमोर ऐकवलं, "काचेच्या बरणीत जवारी ठिवून दुकान चालतंय व्हय? सा म्हैन्यात कुलूप लागंल." एवढ्यावर थांबले नाहीत. उद्घाटनालाही गेले नाहीत. ज्या माणसानं अख्ख्या बाजाराची भवानी केली, त्यानं पोटच्या पोरीची केली नाही.

तेव्हापासून बापलेकीत फोनवर "तब्येत बरी हाय का" आणि "हो" एवढंच. दुकान चालत होतं, पण रडतखडत. मागच्या महिन्यात गिरिजा मला फोनवर म्हणाली, "वैनी, दिवाळीनंतर बंदच करीन म्हणते. भवानीच धड झाली नाही, दुसरं काय." एमएस्सी झालेली बाई! मी तिला चांगलं झापलं. फोन ठेवल्यावर मात्र मलाही रडू आलं.

आप्पांचे डोळे दाखवायला परभणीला जायचंच होतं. मी मनाशी ठरवलं, आधी दवाखाना, मग येता येता दुकानावरून रिक्षा न्यायची आणि नुसतं म्हणायचं, "आप्पा, हे बघा गिरिजाचं." भवानीचा विषय काढायची माझी छाती नव्हती.

जायच्या दिवशी मी उठले तर आप्पांची लिंगपूजा उरकलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, धुतलेलं धोतर, टोपी. दवाखाना उघडणार अकराला आणि हे उजाडताच दारात उभे.

"आप्पा, एवढ्या लवकर जाऊन काय करायचं?"

"तू चल गपगुमान. एसटी काय आपल्या बापाची हाय का?"

तिकीट आम्हा दोघांचंही अर्धं. मला बाई म्हणून, त्यांना वयामुळं. परभणीच्या गाड्या सकाळी भरपूर आहेत, रेल्वेही आहे, पण सध्या साखर कारखाना सुरू आहे, तेव्हा रस्त्यानं जाणाऱ्यांनी अर्धा तास हाताशी जादा ठेवा. गावाबाहेर पडलो न पडलो तोच उसाच्या दोन ट्रॉल्या पुढ्यात. गाडी गोगलगायीसारखी. आप्पा दर दोन मिनिटांनी खिडकीतून मान बाहेर काढून ड्रायव्हरला ऐकू जाईल असं बोलायचे, "हाण की रं! बैलगाडी बरी हुती!"

पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाचे बरेच लोक उतरले. शेजारची बाई मला म्हणाली, "उतरा की, बाबांना दर्शन व्हईल." एरवी आप्पा उतरतात. शंकराचे भक्त असले तरी वाटेतला देव ओलांडून जाणं त्यांना पटत नाही. त्या दिवशी त्यांनी जागेवरूनच हात जोडले आणि कंडक्टरला विचारलं, "घंटी मारायला काय घेतोस?" बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. एवढी घाई कशाची? माणूस भांडायला निघाला की अशी घाई असते, हे मला सासरी येऊन चांगलंच कळलंय.

परभणीच्या स्टँडवर उतरलो. मी म्हटलं चहा घेऊ. नाही. सुशीला खाऊ. नाही. (तुम्ही मात्र खा. भिजवलेल्या चुरमुऱ्यांची, दाण्याचं कूट पेरलेली गरमागरम सुशीला खाल्ल्याशिवाय परभणी सोडायची नसते.) मी रिक्षावाल्याला दवाखान्याचा पत्ता सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आप्पा आत बसून त्याला म्हणाले, "कालेजाकडं घे. ते काचेच्या बरण्याचं दुकान हाय न्हवं, तिथं."

माझ्या हातातली पिशवीच गळाली. यांना पत्ता कुणी सांगितला? रिक्षात मी हळूच म्हटलं, "आप्पा, गिऱ्हाईकं असतील हो. चार लोकांत काही बोलू नका."

"मी काय येडा हाय का?" म्हणाले आणि रिक्षावाल्याला घाई करू लागले. त्या घाईनं तर मी आणखीच बेजार झाले.

आता दुकानाबद्दल. आजूबाजूला झेरॉक्सवाले, वसतिगृहं, खानावळी, चहाच्या टपऱ्यांवर पाठीला सॅक लावलेली पोरं-पोरी, आणि मध्येच हे पांढऱ्या भिंतींचं दुकान. काचेचं दार ढकलून आत गेलं की गार हवा आणि ताज्या दळलेल्या पिठाचा वास. लाकडी फळ्यांवर ओळीनं बरण्या. टाळकी ज्वारी, बिनपॉलिशची तूरडाळ, जवसाची आणि कारळाची चटणी, अंबाडीचं सरबत, लाकडी घाण्याचं करडईचं तेल, नाचणीची बिस्किटं. भाव बाजारापेक्षा चढे, हे खोटं कशाला सांगू. तेलाचा भाव बघून माझेही डोळे पांढरे झाले होते. पण ती कारळाची चटणी एकदा खाल तर घरी करायच्या भानगडीत पडणार नाही. कागदी पिशवी आपली आपण घ्यायची, हवं ते काढून भरायचं, काट्यावर ठेवायचं आणि पैसे द्यायचे. काढून द्यायला माणूस नाही. सगळं गिरिजा एकटी बघते.

ती नुकतीच झाडलोट करून उदबत्ती लावत होती. वळली आणि दारात आप्पा. तिच्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. "या," म्हणाली कशीबशी, वाकून पाया पडली आणि जाऊन गल्ल्यामागं उभी राहिली.

आप्पा काउंटरसमोर गेले, हात पाठीमागं बांधले आणि उभे राहिले.

बोलेनात, हलेनात. गिरिजाचा चेहरा उतरत चालला. ती माझ्याकडं बघायची, मी तिच्याकडं. मला वाटलं, आता हे बरण्या मोजणार आणि मग तोंड सोडणार. तिला वाटलं, आप्पा रागानं उभे आहेत. आणि आप्पा? ते आपले उभेच. मध्येच एकदा घसा खाकरला, छताकडं बघितलं आणि पुन्हा उभे.

तेवढ्यात दोन कॉलेजच्या पोरी आत आल्या. नेहमीच्या असाव्यात. फळीवरून बिस्किटांचा पुडा उचलला आणि आप्पांच्या बाजूनं पुढं होऊन काउंटरवर ठेवला. एकीनं पैसे द्यायला मोबाईल काढला.

आप्पांनी मध्ये हात घातला. "थांबा पोरींनो."

म्हटलं, झालं, आता उरलीसुरली गिऱ्हाईकंही जाणार.

"काय झालं बाबा?" पोरगी बिचकून म्हणाली.

आप्पांचा आवाज चढला. "कवाचा उभा हाय मी! भवानीच्या टायमाला गिऱ्हाईक समोर उभं हाय आन् काय पायजे म्हणून कुणी इचारना! अशानं दुकान चालंल का गिरजे?"

मला एकदम उलगडा झाला आणि हसू आवरेना. या माणसानं सगळा जन्म गल्ल्याच्या आतल्या बाजूला काढलाय. दुसऱ्याच्या किराणा दुकानात गिऱ्हाईक म्हणून त्यांनी कधी पाऊलच टाकलं नव्हतं! नव्या दुकानात भवानी करायला जायचे, ते दुकानदारानं हात धरून आत नेल्यावर आणि वस्तू हातात ठेवल्यावर. आमच्या दुकानात तर गिऱ्हाईकानं मालाला हात लावलेला आप्पांना खपत नाही. मग ते स्वतः कसे लावणार? ते बिचारे विचारण्याची वाट बघत होते. अन् लेक त्यांना घाबरून गप्प.

"भवानी?" गिरिजा पुटपुटली.

"मग काय बरण्या बघाया आलो व्हय? डायवरच्या मागं लागून एसटी हाणत आणली ती कशापायी? तुझ्या दारात दुसरं कुणी यायच्या आत पोचावं म्हणून. इचार आता."

गिरिजानं डोळे पुसले, ओढणी सारखी केली. लहानपणी गल्ल्याजवळ स्टुलावर उभी राहून विचारायची, अगदी तसं तिनं विचारलं, "काय देऊ, आप्पा?"

"गूळ दे. पाव किलो. गोड असंल तरच."

तिनं गूळ तोलला. पैसे घ्यायला मात्र तयार होईना. "आप्पा, तुमच्याकडून कसे घेऊ?"

"भवानी फुकट करतेत का? हेच शिकवलं का तुला मी?" त्यांनी कनवटीची नोट काढून तिच्या तळहातावर ठेवली. गिरिजानं ती आधी काट्याला लावली, मग कपाळाला, आणि कपाळाला लावली ती खाली घेईचना. त्या दोन पोरी बिस्किटांचा पुडा धरून तशाच उभ्या होत्या. त्यातल्या एकीचे डोळे का भरून आले होते, तिचं तिलाच माहीत.

"आता या पोरींचं घे," आप्पा म्हणाले. "लय येळ ताटकळल्यात." मग टोपी काढून पुन्हा घातली आणि कुणाकडंच न बघता बोलले, "उद्घाटनाला यायला पायजे हुतं मी. चुकलं."

बाई गं! उसाच्या ट्रॉलीपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. मी तिथंच पिठाच्या पोत्यावर टेकले आणि एक नाचणीचं बिस्कीट खाऊन टाकलं. पैसे नंतर दिले.

डोळे दाखवून पुन्हा दुकानात आलो, नंबर तोच निघाला. गिरिजानं मागवलेली सुशीला आप्पांनी तिच्या काउंटरवर बसून खाल्ली. तोवर आलेल्या प्रत्येक गिऱ्हाईकाला त्यांनी "काय पायजे?" विचारलं. लोक चमकायचे, मग हसून सांगायचे. एक प्राध्यापकबाई तेल घ्यायला आल्या होत्या, त्या डाळ आणि चटणीही घेऊन गेल्या. बंद करण्याचं नाव गिरिजानं दिवसभरात एकदाही काढलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

परतीच्या गाडीत आप्पा खिडकीशी झोपले. पोखर्णी आलं तेव्हा मीच दोघांच्या वतीनं हात जोडले.

आम्ही पोचलो तेव्हा आमचं दुकान अजून उघडं होतं. आप्पा हातपाय धुऊन गल्ल्यावर बसले, पिशवीतला गुळाचा खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिले. सासूबाईंनी आतून विचारलं, "कसं हाय पोरीचं दुकान?"

"गार लय हाय," आप्पा म्हणाले.

तेवढ्यात दुकानांच्या ओळीतला एक शेजारी आला. "आप्पा, गूळ द्या अर्धा किलो. चांगला बघून."

आमच्याकडं गुळाची अख्खी भेली फोडून ठेवलेली होती. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. आयुष्यात एकही गिऱ्हाईक परत न पाठवलेला तो माणूस म्हणाला, "चांगला पायजे असंल तर परभणीला जा. माझ्या लेकीचं दुकान हाय तिथं."