काशक्काचं मिनिट

कितीतरी बॅचेसनी स्टेथो लावून जे काळीज ऐकलं, ते आज सकाळी थांबलं.

काशक्का गेली.

ती डॉक्टर नव्हती, सिस्टर नव्हती. पेशंट होती. हुलसूरची.
लहानपणच्या तापानं हृदयाची एक झडप आकसलेली. त्यामुळे तिच्या छातीत एक आवाज यायचा, अगदी पुस्तकात लिहिलाय तसा.

म्हणून मेडिकल कॉलेजात प्रॅक्टिकल आलं की तिला 'केस' म्हणून बोलावणं जायचं. बसवकल्याणला बस बदलून ती कलबुर्गीला यायची. घडीचं लुगडं, डोक्याला तेल. लग्नाला आल्यासारखी.

मी सीमेवरच्या ठाणाकुशनूरची, घरी मराठी बोलणारी. वॉर्डातल्या कन्नड-इंग्रजी गलक्यात बावरलेली. पहिल्याच दिवशी तिच्या छातीला स्टेथो लावला तर मराठीत खेकसली, "अगं, थंडगार हाय की ते! हातावर घासून लाव."
मला भरूनच आलं.

आम्हा पोरांची एक जुनी वाईट खोड होती. परीक्षेत केस मिळाली की तपासायच्या आधी पेशंटच्या कानाशी लागायचं. "अक्का, काय हाय तुला?"
आणि सहीच्या जागी अंगठा लावणारी काशक्का खडाखडा सांगायची, "मायट्रल स्टेनोसिस. लिही बिगीबिगी."
वर न सांगताच डाव्या कुशीवर वळायची. त्या कुशीवर आवाज नीट येतो, हे तिला आमच्या आधी पाठ.

फायनल इयरला चिठ्ठीत मला काशक्काच निघाली. मनात लाडू फुटले.
विचारलं, लिहिलं, सुटले.

एक्झामिनर म्हणाले, "पल्स?"
"एटी. रेग्युलर, सर."

त्यांनी माझी बोटं तिच्या मनगटावर ठेवायला लावली. "एक मिनिट धर."

नाडी अडखळत होती. दोन ठोके घाईत, मग एक गायब, मग परत घाई.
वर्षभरात तिचा आजार पुढे सरकला होता. तिला ते माहीत नव्हतं. आणि मी तर हातच धरला नव्हता. आकडा ठोकून दिला होता.

नापास.

गावात समाजमंदिराच्या भिंतीवर माझ्या फोटोचं बॅनर होतं. आमच्या वस्तीतली पहिली डॉक्टर! उत्साहाच्या भरात 'भावी' लिहायचंसुद्धा विसरले होते.

अप्पा फोनवर विचारायचे, "जेवलीस का?" मी म्हणायचे, "व्हय."
जेवत नव्हते. झोपत नव्हते. होस्टेल सोडायचं म्हणून ट्रंक भरून ठेवली. गावी जायचं नाही, एवढंच ठरलं होतं. मग कुठं, ते ठरलं नव्हतं.

काशक्काला त्या परीक्षेनंतर तिथंच ॲडमिट करून घेतलेलं. जाता जाता तिला भेटावं म्हणून वॉर्डात गेले.

"कामून रडायलीस गं?"
"नापास झाले, अक्का."
"कशात?"
"मेडिसिनमध्ये. तुझ्या केसमध्ये."
"म्हंजी माझ्यात नापास झालीस?"

आणि ती चक्क हसली. असा राग आला मला!

मग म्हणाली, "मला बी एका मोठ्या डॉक्टरनं सांगितलं हुतं, लेकरू हू दिऊ नको, मरशील. दोन झाले. दोगं बी शेती करायलेत. झाला का न्हाई डॉक्टर नापास? मग त्यो काय दवाखाना सोडून पळाला का?"

रडता रडता हसू फुटलं मला.

"चुकी माझी बी हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "मी सांगायलाच नको हुतं. लेकरं पास व्हायलेत म्हणून बरं वाटायचं. आता न्हाई सांगत कुणाला."
मनगट पुढं केलं. "धर. पुरं मिनिटभर. आन् आधी नाव इचार."
"अक्का, नाव माहीत आहे मला."
"इचार तरी."

ती ॲडमिट होती तोवर रोज, आणि नंतर तपासणीला आली की प्रत्येक वेळी. नाव विचारायचं. हात धरायचा. मिनिट पुरं करायचं.

मिनिट किती लांब असतं हो! त्यात बॅनर आठवायला लागलं की माझी मोजणी चुकायची. ती लगेच हात काढून घ्यायची. "मन कुटं हाय तुझं? परत मोज."
मग डब्यातली भाकरी पुढं सरकवायची. "आता खा." तिच्यापुढं खोटं 'व्हय' चालत नव्हतं.
एकदा म्हणाली, "कुणाचा हात धरून मिनिटभर गप बसलं की आपलं बी काळीज ठिकाणावर येतंय."

ट्रंक कधी रिकामी केली, आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला केस म्हणून एक कन्नड आजोबा मिळाले. माझ्या मोडक्या कन्नडमध्ये आधी नाव विचारलं. हात धरला. मिनिट पुरं केलं.
पास झाले. काशक्काला फोन केला तर म्हणते, "बरं झालं बाई. आता मला सुई टोचू नको."

आता मी शिकवते. कुणाचं जेवण सुटलंय हे मला मार्कांच्या आधी दिसतं. परवाच एक विद्यार्थिनी नापास होऊन माझ्यासमोर रडली. घरी काय सांगू, म्हणत होती.

आज सकाळी तिला राऊंडला बरोबर घेतलं. एका बाईचं एक मनगट तिच्या हातात दिलं, दुसरं मी धरलं.

फोन वाजला. काशक्काच्या सुनेचा. इतक्या सकाळी तिचा फोन कधी येत नाही. मला कळलं.

"मॅडम, घ्या ना," पोरगी म्हणाली.
मी मानेनंच नको म्हटलं. घड्याळाचा काटा धुरकट दिसत होता, पण हात सोडला नाही.

मिनिट पुरं झालं. मग फोन घेतला.

काशक्का, पोरीनं आधी नाव विचारलं होतं बरं का. आणि परत मोजलं तेव्हा तिचाच आकडा बरोबर निघाला. माझा आज चुकला.

जा आता निवांत.
तुझ्या सगळ्या बॅचेसकडून, पास-नापास सगळ्यांकडून, मनापासून श्रद्धांजली.