काढता येणारी खिट्टी

हॅटी वाल्चाकला किळस यायची ती माणसांची, वस्तूंची नाही. डुकराच्या आतड्यात मसाल्याचा खिमा भरून किल्बासा, म्हणजे सॉसेज, करताना, हरणाचं पोट फाडताना, कारखान्यात दिवसभर तेलात बोटं बुडवून बसताना तिचं नाक कधी मुरडलं नाही. पण कुणी खोटं हसलं की ती तोंड फिरवायची. "शी! बूट पुसायलासुद्धा नको असलं हसू."

मी तिच्या शेजारच्या बाकावर काम करायचे. बॉस्टनच्या पश्चिमेला आमचं चिकोपी गाव. तिथे आमच्या बाजूला निम्मी माणसं पिस्तुलाच्या कारखान्यात होती आणि उरलेली निम्मी त्यांना पाव आणि बिअर विकण्यात.

हॅटीचं काम खिट्टी बसवायचं. नखाएवढा पोलादी तुकडा तो. पिस्तुलाच्या मुठीतून गोळ्यांचं मॅगझिन बाहेर काढलं की ही खिट्टी आत आडवी येते, मग चाप कितीही ओढा, गोळी सुटत नाही. माणूस मॅगझिन काढतो आणि पिस्तूल रिकामं झालं असं समजतो. नळीत आधीच चढून बसलेली एक गोळी त्याच्या ध्यानात राहत नाही. म्हणून आमच्या राज्यात कायदा झाला होता. नव्या पिस्तुलात एकतर अशी खिट्टी हवी, नाहीतर आत गोळी आहे हे दाखवणारी खूण हवी. दोन्ही नसेल तर दुकानात विकायचं नाही. आमच्या कारखान्यानं खिट्टी पसंत केली.

हॅटीला सुरुवातीला या कायद्याचा रागच होता. नवरा स्टॅन असेपर्यंत ती दर हिवाळ्यात त्याच्याबरोबर शिकारीला जायची, तिचं स्वतःचं पिस्तूल होतं. "बॉस्टनच्या वकिलांनी आता आपल्याला बंदूक धरायला शिकवायची!" असं म्हणायची. पण काम हातात पडल्यावर तिनं ते आपलं मानलं. खिट्टी जरा अडखळली तरी ती पुन्हा काढून घासायची, पुन्हा बसवायची. कुणी घाई केली तर म्हणायची, "तुझ्या पोरीच्या हातात जाईल असं समजून बसव, मग बघते किती घाई करतोस."

ईस्टरचं जेवण दरवर्षी तिच्या धाकट्या बहिणीकडे, आयरीनकडे असायचं. आयरीनचा नवरा लू ब्रोदर टेलिफोनच्या खांबांवर चढून चढून निवृत्त झालेला, गप्पिष्ट माणूस. सगळ्यांची गवत कापायची यंत्रं दुरुस्त करून द्यायचा, कुणाला नाही म्हणायचा नाही. त्या वर्षी खुर्च्या कमी पडल्या म्हणून हॅटी तळघरात गेली. लूच्या कामाच्या टेबलावर लोणच्याची एक बरणी होती, अर्धी भरलेली. तिला आधी वाटलं, खिळे असतील. मग तिनं ती उजेडात धरली.

सगळ्या खिट्ट्या होत्या.

खुर्ची न आणता ती बरणी घेऊनच वर आली आणि हॅमच्या ताटाशेजारी तिनं ती ठेवली.

"लू, हे काय आहे?"

लू हसला. "ओळखलं नाहीस? तुझाच तर माल आहे."

"हे तुझ्याकडे कसं?"

"अगं, पोरं येतात पिस्तूल घेऊन. खिट्टीमुळे चाप जड जातो म्हणतात. दोन पिना काढल्या की निघते. पैसे नाही घेत हं मी, कुणी बिअर आणतं एवढंच."

"मग परत का नाही देत त्यांना?"

"काय करणार ते घेऊन? मी मासे पकडायच्या गळाला लावतो वजन म्हणून. छान बुडतात."

टेबलाभोवतीची सगळी हसली. आयरीन म्हणाली, "हॅटी, जेवताना ते तेलकट काय ठेवलंयस, उचल ना." हॅटीनं बरणी उचलली नाही. तिनं आपली पर्स उचलली आणि न जेवता निघाली. सोमवारी मला सांगताना ती म्हणाली, "रोझ, आपण रांधावं आणि कुणी आपल्यासमोर ते कुत्र्याला घालावं, तसं वाटलं गं. कुत्र्यानं निदान खाल्लं तरी असतं."

पण रागावून राहायची तिला फुरसत मिळाली नाही. जून महिन्यात नॉर्म पेल्कीच्या घरी गोळी सुटली. नॉर्म लूचा बोलिंगमधला सोबती आणि त्याची बायको क्लेअर हॅटीची जुनी मैत्रीण. स्वयंपाकघरात बसून नॉर्म शेजाऱ्याला पिस्तूल दाखवत होता. मॅगझिन काढलं, "हे बघ, रिकामं," म्हणाला आणि भिंतीकडे धरून चाप ओढला. भिंत पातळ होती. पलीकडच्या खोलीत क्लेअर कपड्यांच्या घड्या घालत होती. गोळी तिच्या कमरेच्या हाडात घुसली.

इस्पितळात हॅटी गेली तेव्हा मी तिच्याबरोबर होते. क्लेअर पांढरीफटक पडली होती, तरी नवऱ्याचीच बाजू घेत होती. "त्याची चूक नाही गं. मॅगझिन काढलं होतं त्यानं. रिकामं आहे असंच वाटणार ना कुणालाही."

हॅटीनं नॉर्मकडे पाहिलं. "नॉर्म, खिट्टी कुठे होती?"

नॉर्म उठून पेल्यात पाणी ओतायला लागला.

"कसली खिट्टी?" क्लेअरनं विचारलं.

"मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये म्हणून असते ती. त्याचं पिस्तूल आमच्याच कारखान्याचं आहे. मीच बसवली असेन."

"नॉर्म?"

"लूनं काढून दिली," नॉर्म पुटपुटला. "सगळेच काढतात, क्लेअर. चाप हलका होतो."

तेवढ्यात लूच दारात उभा. हातात डोनटचं खोकं. त्यानं ऐकलं होतं, पण चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "हॅटी, आजारी माणसापुढे हे काय काढलंयस? नळीत बघून घ्यायची अक्कल ज्याची त्याला नको? लोखंडाच्या तुकड्याच्या भरवशावर का माणूस जगतो?" मग क्लेअरच्या उशाशी खोकं ठेवत म्हणाला, "तुझ्या आवडीचे आणलेत, मेपलचे."

क्लेअरनं हातानं खोकं ढकलून दिलं. मेपलचे डोनट पलंगाखाली गेले. लू वाकून ते वेचायला लागला आणि वेचता वेचता साखर लागलेली बोटं चाटत होता. हॅटी बाहेर जाऊन बेसिनपाशी ओकली.

पोलिसांनी नॉर्मला हलगर्जीपणाबद्दल कोर्टाकडून दंड करवला. लूला कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं नव्हतंच. कायदा कारखान्याला होता आणि दुकानाला होता. घरच्या तळघरातल्या हातोडीला तो लागू नव्हता.

हॅटी मग साहेबाकडे गेली. वॉल्ट तिच्याहून वयानं लहान, तिनंच त्याला कानस धरायला शिकवलं होतं. ती म्हणाली, "वॉल्ट, दोन पिनांऐवजी खिट्टी आतून रिव्हेटनं पक्की करू या. मग कुणाला सहज काढता येणार नाही."

वॉल्टनं दार लोटलं. "हॅटी, इतकी वर्षं इथे आहेस आणि तुला खरंच माहीत नाही? ती निघावी अशीच बनवलीय. गिऱ्हाईक कुरकुरतं. कायद्याला दिसली की झालं, पुढचं ज्याचं तो बघेल."

"म्हणजे मी काय बसवत होते?"

"कायदा बसवत होतीस," वॉल्ट म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसला.

तिनं लगेच नोकरी सोडली असं नाही. आजारपणाचा विमा कारखान्याचा होता, नोकरीबरोबर तोही गेला असता, आणि तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. त्या महिन्यांत ती माझ्याशीही कमी बोलायची. खिट्टी पूर्वीसारखीच नीट बसवायची, फक्त डबा खाताना दोन-दोनदा हात धुवायची आणि तरी अर्ध्यावर उठायची.

शरद ऋतूत बॉस्टनला नव्या कायद्यावर सुनावणी निघाली. ज्याचं पिस्तूल त्याचं बोट ओळखल्याशिवाय ते उडूच नये, असं काहीतरी यंत्र आत हवं म्हणत होते. पिस्तूल महाग होऊन खप घटेल म्हणून कारखान्याचा त्याला विरोध होता. कारखान्यानं भरपगारी सुट्टी दिली, बस केली, सगळ्यांना सारखे टीशर्ट आणि टर्की सँडविच दिलं. आम्ही जाऊन 'आमच्या पोटावर पाय देऊ नका' म्हणायचं होतं. हॅटीचं नाव वॉल्टनंच बोलायला दिलं. विधवा बाई, एवढी वर्षं नोकरी, तिच्याकडे लोक बघतील म्हणून.

ती माइकपाशी उभी राहिली आणि क्लेअरच्या कमरेबद्दल बोलू लागली. नीट बोलता येईना. मध्येच तिला रडू फुटलं, मग राग आला, मग बरणीबद्दल सांगता सांगता तिच्या तोंडून घाणेरडी शिवी गेली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "मॅडम, भाषा सांभाळा. आणि आपली वेळ संपली." दोन आमदार फोन बघत होते. आमच्याच टीशर्टवाल्यांतून कुणीतरी ओरडलं, "बसा आजीबाई!"

बाहेर आल्यावर कायद्याच्या बाजूची एक तरुण पोरगी धावत आली, डोळ्यांत पाणी. "तुम्ही किती धीराच्या! हा फलक धरून एक फोटो द्या ना. रडत होतात ना मघाशी, तसाच चेहरा असू दे."

हॅटीनं तिच्याकडे बघितलं. "तुझं जेवण झालं?" तिनं विचारलं आणि टर्कीचं न खाल्लेलं सँडविच तिच्या हातात कोंबून चालू लागली. कारखान्याच्या बसमध्ये ती चढली नाही. मी उतरून तिच्यामागे गेले. आमच्या शेजारच्या स्प्रिंगफील्डपर्यंत साध्या बसनं आलो. वाटेत ती एवढंच म्हणाली, "दोन्हीकडची माणसं हात न धुता जेवतात गं."

तो कायदा समितीतच अडकला. गुडघा बरा झाल्यावर हॅटीनं राजीनामा दिला. आपलं पिस्तूल तिनं पोलीस चौकीत नेऊन दिलं, मोडीत काढा म्हणाली. आता ती चर्चच्या स्वयंपाकघरात पिएरोगी, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, लाटते.

शनिवारी लूच्या घरासमोर अजूनही पिस्तूल घेऊन आलेल्या पोरांच्या गाड्या लागलेल्या दिसतात.

नाताळच्या आदल्या दिवशी आयरीन एकटीच हॅटीकडे आली, बीटचं सूप घेऊन. टेबल मांडलं होतं. मी होते, काठी घेतलेली क्लेअर होती. नॉर्मला तिनं घरी ठेवलं होतं.

"तो नाही बदलायचा," आयरीन म्हणाली. "मग मी काय करू? चाळीस वर्षं झाली संसाराला."

"तुला मी काही करायला सांगितलं का?"

"तू परत कधी येणार आमच्याकडे?"

"नाही येणार. त्या घरातलं पाणीसुद्धा माझ्या घशाखाली उतरायचं नाही."

आयरीन दारातच रडायला लागली. हॅटीनं तिच्या हातातलं भांडं घेतलं, झाकण काढून वास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी घातलंयस. ये, कोट काढ आणि बस."

क्लेअर काठी बाजूला घेऊन सरकली. आयरीन तिच्याशेजारी बसली, पण जेवण होईपर्यंत तिनं एकदाही क्लेअरच्या डोळ्यांत पाहिलं नाही.