एका हाताची चढाई

आमच्या सडक अर्जुनीत माझ्या मैत्रिणीइतकं बोलणारी मुलगी नाही, आणि बोलायचं म्हणजे तिला आधी गळ्यावर बोट ठेवावं लागतं. लहानपणापासून तिच्या श्वासनळीत गाठी येतात. नागपूरला जाऊन काढल्या तरी पुन्हा वाढतात, म्हणून श्वासासाठी गळ्यात नळी बसवली आहे. नळीचं तोंड बोटानं दाबलं की घोगरा आवाज निघतो. कोणी हळहळलं की म्हणते, "धानाच्या बांधीतलं गवत होय ते काकू, निंदलं का पुन्हा येते."

संध्याकाळी आम्ही मुली शाळेमागच्या गवतावर कबड्डी खेळतो. तीही चढाईला येते, एक हात गळ्यावर आणि दुसरा आमच्या अंगावर. बोट सैल करून ती मधेच श्वास चोरते, असा माझा पक्का संशय आहे. पण तिला धरायला कोणी धजायचंच नाही, म्हणून ती रोज जिंकायची आणि रोज रुसायची.

परवा मात्र ती आमच्या बाजूला येऊन उभीच राहिली. "पकडा न वो! कायले सोडून राहिल्या? मी का काचेची आहो?"

मग मी तिचा पायच ओढला. दोघींनी हात धरले. ती गवतावर बसली आणि हसत सुटली. आवाज येईना, नळीतून नुसती फुसफुस. आम्हीही हसून हसून लोळलो. हात सुटताच तिनं गळ्यावर बोट ठेवलं आणि ओरडली,

"आउट नाही मी! हात धरले का माहा दम तुटते. चीटिंग होय हे!"